काठावरच्या माणसांनी काय बोलावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागे सतरंजीवर बसून ऐकणारी बाई. चहाचे बघावे, खाऊच्या पुड्या बांधाव्या, एवढेच माझे काम. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. मी काय बोलू?" त्या म्हणाल्या, "तुमच्या थोरलीच्या होडीचे सांगा. सगळ्याजणी मलाच विचारतात, मी तरी किती सांगू?" म्हणून आज उभी राहिले आहे. हातातला कागद थरथरतो आहे, हे पुढच्या रांगेला दिसतच असेल. त्याला हसू नका. माझा आजचा विषय तोच आहे.

आपण गंगाखेडच्या बायका. गोदावरीला आपण गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. जनाबाईंचे हे गाव. एवढी मोठी नदी उशाशी असून आपण लेकरांना तिच्याजवळ जाऊ देत नाही. दरवर्षी कोणाचे ना कोणाचे लेकरू बुडाल्याची बातमी कानी येते, मग आपण पोरांना घाटाच्या पायरीवरूनच परत ओढतो. मीही तेच केले. आणि माझीच थोरली पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि पहिल्याच वर्षी फोनवर म्हणाली, "आई, मी होडी वल्हवायला शिकते आहे." माझ्या हातातली पळी खाली पडली.

या खेळाला रोइंग म्हणतात, मराठीत नौकानयन. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब तर १९२८ सालापासूनचा आहे. माझी लेक त्या कॉलेजात नाही, दुसऱ्या एका कॉलेजात आहे. तिच्या मार्गदर्शक ताईंनी मला सांगितले, की पोहता आल्याशिवाय कोणाला होडीत पाऊल ठेवू देत नाहीत. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आपल्याला होडी म्हटली की पैलतिरी माणसे पोचवणारी रुंद नाव आठवते. शर्यतीची होडी तशी नसते. ती शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि निमुळती असते. एका माणसाची होडी पंचवीस-सव्वीस फूट लांब, पण वजन अवघे चौदा किलोच्या आसपास, म्हणजे पिठाच्या मोठ्या डब्याएवढे. बसायची फळी रुळावर मागेपुढे सरकते, म्हणून जोर नुसत्या हातांचा नसतो, पायांचा असतो. मोठ्या शर्यती दोन हजार मीटरच्या असतात, कॉलेजातल्या पाचशे मीटरच्याही होतात. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, वल्हवणारा माणूस होडीत उलटा बसतो. जायचे ठिकाण त्याच्या पाठीमागे, आणि डोळ्यांसमोर सोडून आलेला काठ. चौघींच्या काही होड्यांत पाचवी एक मुलगी असते, तिला कॉक्स म्हणतात. ती वल्हवीत नाही. ती सुकाणू धरते, पुढचे बघते आणि बाकीच्यांना सांगत राहते. या कॉक्सकडे मी पुन्हा येणार आहे, तेवढी लक्षात ठेवा.

आता माझी चूक सांगते.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात थोरलीची पहिली शर्यत होती, पुण्याजवळच्या एका तलावावर. त्याआधी सरावाच्या शिबिराला साडेचार हजार रुपये लागले. आमच्या ह्यांनी सोयाबीनच्या पैशातून ते दिले. शर्यतीच्या आदल्या रात्री मी फोन केला. मनात प्रेमच होते, दुसरे काही नव्हते. पण तोंडातून काय निघाले? म्हटले, "हे बघ, सोयाबीन विकून पैसे भरले आहेत. मंडळातल्या सगळ्या बायकांना मी सांगून बसले आहे. पदक घेऊनच ये. आणि घाबरू नको, अजिबात घाबरू नको. आमचं नाक कापू नको, माय."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे मला पुष्कळ उशिरा कळले. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी दोनदा उलटी झाली. हात गार पडले होते, तरी तळव्यांना घाम होता. शर्यत सुटली, आणि चौथ्या का पाचव्या खेपेलाच तिचे वल्हे पाण्यात अडकले. मूठ फार आवळून धरली की असे होते म्हणतात. वल्ह्याचा दांडा उलटा येऊन तिच्या बरगडीवर बसला, होडी वाकडी झाली, बाकीच्या तिघींचा ताल गेला. त्यांची होडी सर्वांत शेवटी आली. बरोबरच्या मुली तिला एक शब्द बोलल्या नाहीत. पण तिने आठ दिवस घरी फोन केला नाही. मी केला तर "अभ्यास आहे" म्हणून ठेवून द्यायची. मंडळात तुम्ही विचारत होता, "काय झालं हो शर्यतीचं?" आणि मी सांगत होते, "अजून निकाल लागायचा आहे." खोटे बोलत होते मी. आज कबूल करते.

संक्रांतीला ती घरी आली. दोघी तिळाचे लाडू वळत बसलो होतो. मी विचारले, "पाण्याची एवढी भीती वाटते तर सोडून दे ना बाई तो खेळ." ती म्हणाली, "आई, पाण्याची नाही गं भीती वाटत. होडीत मी उलटी बसते. पुढचं काही दिसत नाही, मागचा काठच दिसतो. त्या दिवशी काठावर मला तूच दिसत होतीस, सोयाबीनचं पोतं घेऊन उभी."

मला राग आला. मी म्हटले, "म्हणजे आम्ही पैसेही द्यायचे आणि बोलायचंही नाही?" ती गप्प बसली. लाडू गार झाले, वळेनात. रात्री मला झोप नाही. आणि अंधारात मला आठवला माझा स्वतःचा बघण्याचा कार्यक्रम.

तुम्हां सर्वांना तो दिवस आठवत असेल. पाहुणे बाहेर बसलेले, माझ्या हातात चहाचा ट्रे, सहा कपबश्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आत्याबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "हळू हं. सांडू नको. सांडलास तर सगळं मुसळ केरात." बहिणींनो, रोज दहा माणसांचा चहा देणारी मी, त्या दिवशी पहिलाच कप लवंडला. ज्यांच्या धोतरावर तो सांडला ते आज माझे सासरे आहेत. त्यांनी मला पसंत केले ही त्यांची कृपा. पण मला सांगा, चहा कशाने सांडला? चहा देणे मला येत नव्हते म्हणून? मुळीच नाही. "सांडू नको" म्हटल्याबरोबर माझे सगळे लक्ष चालण्यावरून उठले आणि सांडण्यावर जाऊन बसले.

मी लेकीला तेच केले होते. "घाबरू नको" म्हटले आणि भीतीच तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी लाज सोडून तिच्या मार्गदर्शक ताईंना फोन लावला. म्हटले, "मला काही कळत नाही, मी काय बोलावे ते सांगा." ताई स्वतः या खेळातल्या. त्यांनी अर्धा तास समजावले. त्यातले जे माझ्या ध्यानात राहिले ते सांगते, कारण ते होडीपुरते नाही. आपल्याकडे पहाटे रस्त्याने पोलीस भरतीच्या पोरी धावतात, कोणाचा मुलगा नीटच्या परीक्षेला बसतो, कोणाची दहावी आहे. सगळ्यांचे दुखणे एकच.

त्या म्हणाल्या, शर्यतीआधी छाती धडधडणे, तोंडाला कोरड, पोटात गोळा, वारंवार लघवीला जावेसे वाटणे, हा आजार नाही. शरीर कामाला तयार होत असते. अॅड्रिनलिन नावाचा रस रक्तात सुटतो, काळीज जोरात चालते, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते. मोठमोठ्या खेळाडूंनाही हे होते. शर्यत सुरू झाली आणि अंग कामाला लागले, की बहुतेकांची ही धडधड मागे पडते. खरा त्रास देते ती दुसरी भीती, डोक्यातली. लोक काय म्हणतील, घरचे काय म्हणतील, पैसे वाया गेले तर काय. ती शर्यत सुरू झाल्यावरही होडीतून उतरत नाही. आणि ती भीती पुष्कळदा पाण्यातून येत नाही, काठावरून येते.

मग उपाय काय? ताईंनी साधेच उपाय सांगितले. शर्यतीच्या दिवशी सगळे ठरल्या क्रमाने करायचे, तेच हलके खाणे, दोन-तीन तास आधी, तेच कपडे, तेच अंग मोकळे करणे. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, असे दहा-बारा वेळा. धडधड झाली तर "मी घाबरले" असे न म्हणता "माझे अंग तयार झाले" असे मनाशी म्हणायचे. आणि पूर्ण शर्यतीचा विचार करायचाच नाही, पहिली दहा वल्ही नीट मारायची, एवढाच करायचा. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी आडवे पडून राहायचे, एका रात्रीने काही बिघडत नाही, हे आधीच माहीत असले म्हणजे झोप न येण्याचीच काळजी लागत नाही.

मी विचारले, "आणि आईने काय करायचे?" त्या म्हणाल्या, "कॉक्स होडीत काय बोलते ते एकदा लेकीला विचारा."

मी विचारले. कॉक्स म्हणते, "लांब खेचा. एकदम. आता दहा जोरात. एक, दोन, तीन." कॉक्स असे कधी म्हणत नाही, की वल्हे अडकवू नको, किंवा काठावर प्राचार्य उभे आहेत, किंवा हरलो तर तोंड कसे दाखवायचे. ती फक्त आता काय करायचे ते सांगते. बाकी गप्प. एवढे मला सातवी शिकलेलीलाही समजले.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगते. दत्तू भोकनळ हे नाव काहीजणींनी ऐकले असेल. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा हा मुलगा. दुष्काळी भाग, आपल्यासारखाच. वडील विहिरी खोदायचे, मुलगाही त्यांच्या हाताखाली राबला. २०११ साली वडील वारले, २०१२ साली तो सैन्यात गेला आणि तिथे त्याच्या हाती वल्हे आले. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटे. ज्याने विहिरीला पाणी लागावे म्हणून दगड फोडले, त्याला पाण्याचीच भीती! तोच २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकला गेला. त्या वर्षी नौकानयनात भारतातर्फे तो एकटाच होता. दोन हजार मीटर त्याने सात मिनिटांच्या आत काटले आणि तेरावा आला. त्या दिवसांत त्याची आई फार आजारी होती, तिची स्मृती गेलेली होती. लेक कुठे चालला आहे हे तिला उमजण्यासारखे नव्हते. बहिणींनो, हे मी वाचले तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. त्या लेकराला आईचा एक शब्द मिळण्याजोगा नव्हता. आपल्या लेकरांना आपला शब्द मिळू शकतो. मग तो आपण असा का वाया घालवावा?

त्याची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २०१८ साली आशियाई स्पर्धा इंडोनेशियात झाल्या. नौकानयन पालेमबांग शहरी होते. २३ ऑगस्टला एकट्याच्या शर्यतीत दत्तू अंतिम फेरीत सर्वांत शेवटी आला. अंगात ताप होता, शक्ती उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत बसला आणि त्या होडीने सुवर्णपदक मिळवले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. आदल्या दिवशीच्या हरण्यावर कोणी त्याला टोचत बसले असते, तर तो दुसऱ्या दिवशी कसा बसला असता, एवढाच विचार माझ्या मनात येतो.

आणि कधी कधी थांबणेही योग्य असते. अमेरिकेची सिमोन बाइल्स ही जगातली नामांकित जिम्नॅस्ट. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी चालू असताना तिने माघार घेतली. हवेत कोलांटी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला उमगेना, मन ठिकाणावर नव्हते. तिने ते जगासमोर सांगितले. लोक पुष्कळ बोलले. पण तीच २०२४ साली पॅरिसला परत आली आणि तीन सुवर्णपदके घेऊन गेली.

म्हणून एक खबरदारी सांगते. शर्यतीच्या आधीची धडधड वेगळी आणि खरे दुखणे वेगळे. लेकरू कित्येक आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, माणसांत येत नसेल, सारखे रडत असेल, किंवा "मला जगायचं नाही" असे एकदा जरी बोलले, तर उपदेश करू नका, दृष्ट काढून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा २०२२ सालापासून आहे. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत. हा नंबर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, तेव्हा लाजतो का?

आता थोरलीच्या दुसऱ्या शर्यतीचे सांगून संपवते. ती फाल्गुनात झाली. आदल्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि आधी देवाजवळ उभी राहिले, म्हटले, माझी जीभ आवर. मग तिला विचारले, "जेवलीस का?" म्हणाली, "खिचडी खाल्ली." मी सांगितले, "आपली म्हैस व्याली. रेडी झाली." ती हसली. मी म्हटले, "उद्या पहिली दहा वल्ही नीट मार. संध्याकाळी फोन कर आणि होडीत काय काय झालं ते सगळं सांग. नंबराचं शेवटी सांग." बस्स. पदकाचे, पैशाचे, मंडळाचे नाव काढले नाही. फोन ठेवल्यावर मात्र माझेच पोट दुखू लागले. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. हे म्हणाले, "शर्यत तुझी आहे का तिची?"

संध्याकाळची वाट पाहावी लागली नाही. सकाळी अकरालाच फोन वाजला. ती काठावरूनच बोलत होती, दम लागलेला होता. "आई, भीती वाटली. उलटीसारखंही झालं. पण दहा मोजली आणि मग विसरलेच. कॉक्स ओरडत होती तेवढंच ऐकू येत होतं." पाच मिनिटे ती होडीचेच बोलत होती. नंबर सांगायचा राहूनच गेला, तो मी विचारला. पाच होड्यांत तिसरी.

तिसरा नंबर माझ्या बोलण्याने आला असे मी म्हणत नाही. तो त्या पोरींनी पहाटे पाचला उठून केलेल्या सरावाने आला. माझी कमाई एवढीच, की मागच्या खेपेला आठ दिवस लागलेला फोन या खेपेला अर्ध्या तासात आला. आणि समजा ती शेवटी आली असती, तरी तो फोन आला असता, असे मला वाटते.

मी सुधारले असे मात्र समजू नका. धाकटा यंदा दहावीला आहे. परवाच त्याला वाढताना माझ्या तोंडून निघून गेले, "शेजारच्या पोराला नव्वद टक्के पडले, बरं का." त्याचा घास हातातच राहिला. बोलून गेले ते गेले. रात्री त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटले, "चुकले माझे." आईने असे म्हटल्याने आईपण कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण हळदीकुंकवाला भेटतो, दळणाला भेटतो, घाटावर भेटतो. एकमेकींच्या लेकरांना बघितल्याबरोबर आपला पहिला प्रश्न असतो, "किती पडले? कितवी आलीस?" यंदाच्या वर्षी तो प्रश्न आपण दुसरा करू या. पहिला प्रश्न असा विचारू या, "कशी आहेस गं? काय नवीन शिकलीस?" काठावर आपण सगळ्याच उभ्या आहोत. पाण्यात लेकरे आहेत, आणि त्यांचे तोंड आपल्याकडे आहे.

माझ्या हातातला कागद आता थरथरायचा थांबला आहे. तुम्ही शांतपणे ऐकून घेतले, कोणी "घाबरू नका" म्हटले नाही, त्याबद्दल मी आभारी आहे.